बुधवारी कोर्दोबाला जायचं नाही

प्रिय फेर्मिन,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चौकशीच्या खिडकीत सरकवलेला अर्ज! चौदा प्रश्न मोजले मी. विमानतळावरून बस कोणती, राजवाड्याची तिकिटं कुठून काढायची, उल्रिकेच्या आईला जिने झेपत नाहीत तर हिराल्दा मनोऱ्यावर जाता येईल का, मिरवणुका बघायला बरी जागा कोणती. आणि बाबा कसे आहेत? हा पंधरावा प्रश्न काही तुझ्या पेनातून उतरला नाही. अरे, याच सेवियात जन्मलास ना तू? की हॅम्बुर्गच्या पाण्यानं अकरा वर्षांत सगळं धुऊन काढलं?

तरी सांगते, कारण तुझ्या बायकोनं आणि सासूबाईंनी माझं काही वाकडं केलेलं नाही. विमानतळावरून बसच घ्या, पण ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ती नेहमीच्या थांब्यावर जाईलच असं नाही. चढतानाच ड्रायव्हरला विचार. दुपारनंतर जुन्या शहरात टॅक्सी विसरा. मिरवणूक आडवी आली तर ढकलाढकल करू नका, लांबचा वळसाच लवकर पोचवतो. राजवाड्याची तिकिटं आजच्या आज घरबसल्या काढ, नाहीतर रांगेत उन्हानं सासूबाईंचं धिरडं होईल. मनोऱ्याला जिने नाहीत, चढण आहे, फक्त शेवटी थोड्या पायऱ्या. हे तुला आठवू नये, कमाल आहे! लहानपणी तिथून धावत उतरताना तू माझा दात पाडला होतास. जेवायला दोनच्या आधी कुठं जाऊ नका, दारं उघडी असली तरी चूल गार असते. आणि दारात पदार्थांचे फोटो लावलेल्या हॉटेलात गेलास तर मला तोंड दाखवू नकोस. मधातल्या तोरिहा बाहेर खायच्या नाहीत. त्यांच्यासाठी तळायचा पाव मी आणून ठेवलाय.

आता तुझा नववा प्रश्न. बुधवारी कोर्दोबाला सकाळची कोणती गाडी सोयीची? बुधवारी! आठवड्याला सात दिवस असताना तुला बुधवारच सापडला. त्या दिवशी आपल्या पेठेचा पासो निघतो हे विसरलो, असं मला सांगू नकोस, मी दुधखुळी नाही. मूर्तीचा तो अवाढव्य चौथरा पस्तीस जण मानेवर घेतात आणि खाली कुणाला काही दिसत नाही. समोरून वाट सांगणारा बाबांचा आवाज आणि उचला-टेकवा सांगणारे त्यांच्या हातोड्याचे ठोके, तेवढाच काय तो आधार. यंदा बाबांचं शेवटचं वर्ष आहे. गुडघे गेलेत, हात थरथरतो, पुढल्या वर्षी हातोडा दुसऱ्याच्या हातात जाईल. हे तुला मी जानेवारीतच कळवलं होतं. त्यावर तू छानसं ख्रिसमसचं उरलेलं कार्ड पाठवलंस.

तू गेलास त्या वर्षीच्या बुधवाराबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही. आज बोलते. पासोखाली रांगा उंचीनं लावतात, सगळ्यांत उंच ते पहिल्या रांगेत. तू बोटभर कमी. पण बाबा तरुणपणी पहिल्या रांगेत होते ना, मग तुलाही तीच हवी! बुटात टाचांखाली बूच घालून मोजणीला उभा राहिलास आणि बाबांनी पोटच्या पोरावर विश्वास ठेवला. बुधवारी संध्याकाळपर्यंत घामानं बुचाचा भुगा झाला, तुझी मान तुळईपासून सुटली आणि तुझं ओझं शेजारच्या मातिआसकाकांच्या मानेवर गेलं. त्यांची मान अजून डावीकडे वळत नाही. मेणबत्तीवाल्याच्या कोपऱ्यावर पासो कलला, बाबांनी तो तिथंच टेकवला आणि चारचौघांत तुला बाहेर बोलावून बूट काढायला लावले. लाज वाटली असेल, वाटायलाच हवी होती. पण चूक तुझी, आणि रुसून देश सोडलास तूच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

रविवारी तुझं पत्र वाचून माझं डोकं असं फिरलं की मी सरळ बाबांकडे गेले आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ओकून टाकलं. ते बूच मी कापून दिलं होतं, आईच्या कढईखालच्या चकतीतून. बाबा मटार सोलत होते. मान वर न करता म्हणाले, माहीत आहे, त्या गाढवाला इतकं सरळ कापता येतं होय? मला रडावं की हसावं कळेना. तुला आठवतं ना, पासो उचलण्याआधी ती उचल कुणाच्या तरी नावानं करायची रीत आहे? दरवर्षी त्या कोपऱ्यावर बाबा पासो टेकवतात, हातोडा धरतात आणि म्हणतात, जे माणूस इथं नाही त्याच्यासाठी. सगळी पेठ समजते, देवाघरी गेलेल्या बायकोसाठी. मीही तेच समजत होते. परवा मटार सोलता सोलता म्हणाले, तुझ्या आईच्या नावाची उचल चर्चच्या दारातच होते. कोपऱ्यावरची त्याची.

अकरा वर्षं, फेर्मिन! आणि तू गाडीची वेळ विचारतोस. गाडी नऊच्या सुमाराला आहे, पण ती गुरुवारी पकड. बुधवारी संध्याकाळी सहाला त्या कोपऱ्यावर उभा राहा. मेणबत्त्यांचं दुकान गेलं, आता तिथं आइस्क्रीम मिळतं, सासूबाईंना आत खुर्चीवर बसव. तू मात्र बाहेर, अगदी पुढे. बाबांना समोरचे चेहरे अजून दिसतात. यंदा त्यांना ते वाक्य बदलावं लागू दे. आणि बूट साधे घालून ये. बोटभर कमी तर कमी.

अजून भडकलेली, आणि तरीही तुझीच,
एंकार्ना