शेवटचं रीळ आणि तोमिएचा कागद

मी, सेइकिची ओचियाई, वय वर्षे सदुसष्ट, बंद पडलेल्या कामोमे चित्रगृहाचा यंत्रचालक, राहणार उवाजिमा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलं आहे ते पोट. येत्या चौदा तारखेला सकाळी दहा वाजता ते कापणार आहेत. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, मात्र भीत भीत लिहीत आहे, याची नोंद असावी.

१. राहतं घर, भांडीकुंडी आणि टपालाच्या बचत खात्यातली शिल्लक तोमिएला द्यावी, मग मी जाईन त्या दिवशी ती कायद्याने माझी पत्नी असो वा नसो. हे वाक्य चुकून लिहिलेलं नाही.

२. फिल्म कापायची-जोडायची हत्यारं शाळेला. कात्रीला धार आहे, मुलांना सांभाळून द्यावी.

३. बंदरावरच्या चित्रगृहातल्या मिझुनोला काहीही देऊ नये. अंत्यविधीला आलाच तर चहा द्यावा, एकच कप. दोन्ही चित्रगृहांत मिळून सिनेमाची एकच प्रत यायची. त्याचं रीळ संपलं की ते सायकलवरून आमच्याकडे. एकावन्न साली तो अमेरिकन नवरा-बायकोचा सिनेमा लागला होता. घटस्फोट घ्यावा की नको, यावर दोघं दोन तास भांडतात, हसवतात, रडवतात. शेवटचं रीळ मिझुनोने पाठवलंच नाही, विसरून जेवायला बसला. लोक आरडाओरडा करतील या भीतीने मी ‘समाप्त’ लिहिलेली काच यंत्रापुढे लावली. बायको आगगाडीत बसून निघून जाते, तिथेच आमच्याकडे सिनेमा संपला. बघणाऱ्यांत तोमिए होती.

घरी येऊन चहा ठेवता ठेवता म्हणाली, “बरं झालं गेली ती. माणसाने ऐकून तरी किती घ्यायचं?” माझी आई तिला मिसोच्या सुपातल्या मिठावरून रोज टोचायची आणि मी यंत्रघरात जाऊन लपायचो. आठवड्याभरात तिने नगरपालिकेतून घटस्फोटाचा कागद आणला, आपला सहीचा शिक्का उमटवला आणि चहाच्या खणात ठेवला. “अहो, तुमचा शिक्का जमेल तेव्हा लावा,” एवढंच बोलली. तेवीस वर्षं मी त्या खणाला हात लावला नाही.

४. तोमिए, शेवटच्या रिळात ती बाई पुढच्या स्टेशनवर उतरते. नवरा दुधाच्या गाडीतून तिथे पोचतो आणि आधी माफी कोणी मागायची यावरून दोघं पुन्हा भांडतात. दुसऱ्या दिवशी मी ते पाहिलं आणि तुला सांगितलं नाही. तू विचारलं असतंस, “मग माझ्या मदतीला तुम्ही का नाही आलात?” आईपुढे मी कधी तोंड उघडलं नाही. माझं चुकलं.

५. डॉक्टर रोग्याला काही सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. तुला आत बोलावलं. बाहेर येऊन तू म्हणालीस, “साधा अल्सर आहे, घाबरू नका.” तेव्हापासून मला नाशपाती सोलून देतेस. एरवी म्हणायचीस, “हात मोडलेत का तुमचे?” तू गोड बोललीस की मी दिवस मोजू लागतो. मरणाची भीती आहेच. त्याहून मोठी भीती ही, की मरणाऱ्याला कसं सोडायचं म्हणून तू थांबली असशील, आणि पुढे दया म्हणून माझ्या शेजारी स्वतःला पुरून घेशील.

म्हणून आज तो कागद काढून मी शिक्का लावला. त्यालाही दोन साक्षीदार लागतात, तेच इथे आहेत. कुराता न्हावी म्हणाला, “एका हाताने घर देतोस, दुसऱ्या हाताने बायको सोडतोस. तुझं डोकं ठिकाणावर आहे असं मी कशाच्या जोरावर लिहून देऊ?” तरी त्याने शिक्का लावला.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे मात्र तू आजच वाच. कागद याच पाकिटात आहे. सोमवारी नगरपालिका साडेआठला उघडते आणि मला दहाला आत नेतील. मधल्या वेळात तू कुठे गेली होतीस ते मी विचारणार नाही. फक्त मला नेताना, तेव्हा तू माझी कोणीही असलीस तरी, दाराशी उभी राहा. मला फार भीती वाटते.

साक्षीदार :
गेन्झो कुराता, न्हावी (डोकं ठिकाणावर आहे, असं नाइलाजाने)
यासुओ होसोमी, चहाचे व्यापारी

सही व शिक्का : सेइकिची ओचियाई
उवाजिमा, ११ ऑक्टोबर १९७४