खोलीत आणखी कोण होतं

सोमवार, ४ मार्च
दादाचं तिसरं रेकॉर्डिंग बिघडलं म्हणे! मी रजेवर होतो, सिस्टरनं घेतलं. पहिल्या दोन्हींत नसांचा नुसता दंगा, आणि या तिसऱ्यात सगळं निवांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पॅच नीट चिकटले नसणार. सोडून द्या ते. पुढच्या सोमवारी ऑपरेशन."

दादा माझा थोरला भाऊ. ठोके सैरभैर होऊन दोनदा पडला. हृदयाला पळवणाऱ्या नसाच कापायच्या, असं ठरलंय. त्या किती चेकाळतात ते सुई न टोचता, छातीवर नुसते पॅच लावून मोजायचं — हे आमचं नवं यंत्र. ठोक्यांची मोठी रेघ गाळून टाकली की खाली नसांची बारीक कुजबुज उरते. वीस वर्षं ईसीजी काढतोय, पण ती कुजबुज पहिल्यांदा पाहिली तेव्हा नकळत हात जोडले गेले.

मंगळवार, ५ मार्च
तिसरं रेकॉर्डिंग उघडून बसलो. ठोके स्वच्छ. पॅच पक्के. बिघाड कुठेच नाही.

मग नसा गप्प का?

बुधवार, ६ मार्च
नियम असा — पॅच लावायचे, दार ओढून घ्यायचं, पेशंट वीस मिनिटं एकटा. सिस्टर नियमाची पक्की. मी मात्र दोन्ही वेळा दादाच्या उशाशी बसलो. त्याला धीर यावा म्हणून! मनात देवाचं नाव घेत होतो. आणि फॉर्मवर सवयीनं लिहून मोकळा — 'खोलीत इतर कोणी : नाही.'

म्हणजे दंगा माझ्यामुळे? छे! सख्खा भाऊ उशाशी असला तर माणूस शांत होतो.

होतो ना?

गुरुवार, ७ मार्च
दादाकडे गेलो. मला दारात बघताच पेपर खाली. "काय झालं?" काही नाही रे, म्हटलं. "नक्की?" तीनदा विचारलं. कपाळावर घाम.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आली. "भावजी, रागावू नका. तुम्ही येऊन गेलात की दिवसभर यांचा जीव थाऱ्यावर नसतो."

आई गेली हे त्याला सांगायला मलाच पाठवलं होतं. त्याचा मुलगा अपघातात गेला, तेव्हाही मीच. "तू शांतपणे सांगतोस" — असं म्हणून घरचे दर वेळी मलाच पुढे करायचे. आणि मीही गेलो.

शुक्रवार, ८ मार्च
नाही सांगितलं. बाई घाईत होत्या.

खोटं. दोनदा गाठता आलं असतं. फॉर्म खोटा भरला म्हटल्यावर नोकरीवर येईल, म्हणून पाय उचलेना. गावच्या शाळेत आमचे मास्तर म्हणायचे, चुकीच्या उत्तरापेक्षा कोरी पाटी बरी. फॉर्मवरची ती जागा मला कोरी सोडता आली असती.

देवा, तोंड उघडायची बुद्धी दे. तीन दिवस उरलेत.

शनिवार, ९ मार्च
सांगितलं! उभ्याउभ्याच.

बाईंनी फॉर्म काढून पुन्हा वाचला. मग — "तुमच्या त्या एका 'नाही'वर विसंबून परवा मी त्यांना नसा कापायला पाठवणार होते. कळतंय का?"

कळतंय, म्हटलं.

"लेखी द्या."

दिलं. चौकशी होईल. ऑपरेशन थांबलं, आधी नव्यानं मोजणार. आणि हे दादाला सांगायचं कोणी? पुन्हा मीच!

सगळं सांगितलं, फॉर्मचंसुद्धा. आधी छाती धरून बसला. मग म्हणाला, "म्हणजे कापाकापी नाही? वेड्या, हे आधी सांगायचं, तुझं रामायण मागून! बातमी द्यायचीसुद्धा अक्कल नाही तुला."

हसला. किती वर्षांनी!

सोमवार, ११ मार्च
दादाचं रेकॉर्डिंग झालं. खोलीत एकटा. सगळं निवांत. तरी यंत्राची खात्री करायला बाईंनी पॅच मलाच लावले. वीस मिनिटं माझ्याही नसांची रेघ शांत. तेवढ्यात निरोप घ्यायला दादा आत आला — आणि रेघ अशी उसळली!

तो पडद्याकडे बघतच राहिला. "तुझंही होतं का रे असं? मला बघून?"

मापन चालू असताना बोलायचं नसतं. मी मान डोलावली.