खालिद या नावाची वासलात

मी, खालिद, वय एकोणऐंशी, धंदा पितळी पाट्यांवर नावं कोरण्याचा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. खालिद म्हणजे अरबीत चिरकाल टिकणारा. अशा नावाच्या माणसाने मृत्युपत्र करावं, याचं ज्याला हसू येईल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव एकुलत्या एका लेकीला. गच्चीचं दार फुगलंय. ते तासून घेऊ असं मी वीस वर्षं म्हणतोय, यापुढे जावयाने म्हणावं.

२. छिन्न्या आणि हातोडी शेजारच्या शिंप्याला. माझी शिडी सात वर्षं त्याच्याकडेच आहे. तीही दिली असं समजावं, म्हणजे माझी चिडचिड तरी संपेल.

३. नाव. हे माझ्या आजोबांचं. दारावरची पाटी त्यांनीच कोरली, नुसती 'खालिद' एवढीच, म्हणजे पुढच्यालाही चालावी. आमच्या घरचा नियम असा, की आधीचा खालिद गेला की नाव पुढच्या मुलाला. आजोबा गेल्यावर चौथ्या दिवशी मी जन्मलो आणि पाटीसकट नाव मिळालं. गेल्या वर्षी इस्पितळात माझ्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, त्याच आठवड्यात लेकीला मुलगा झाला. तिने रडत रडत त्याचं नाव खालिद ठेवलं. आणि नवव्या दिवशी मी आपल्या पायांनी घरी हजर!

"अब्बा, सगळेच म्हणत होते की आता काही खरं नाही," लेक म्हणाली.

"मग चुकलंच माझं," असं म्हणून मी जे तोंड फुगवलं, ते वर्षभर. माझ्या धाकाने घरात पोराला नुसतं 'बाळ्या' म्हणतात.

परवा शिंप्याने दारातून "खालिद!" अशी हाक मारली. मी चष्मा शोधतोय तोवर पोरगं भिंत धरून उठलं आणि दाराकडे दोन पावलं चाललं. त्याची पहिलीच. त्याला हे नाव कसं ठाऊक? लेक मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही बाहेर गेलात की मी हळूच हाक मारते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणऐंशी वर्षांचा घोडा मी, आणि एका तान्ह्याशी भांडत होतो.

४. बाकी कलमं मी गेल्यावर लागू. नावाचं कलम आजपासून. पाटी काढून मी स्वतः पाळण्याजवळच्या भिंतीवर ठोकली आहे. तिरकी लागली, राहू दे. लेकी, आता मोठ्याने हाक मार.

स्थळ : खिडकीजवळचं टेबल
दिनांक : ९ ऑगस्ट २०२२
साक्षीदार : शेजारचा शिंपी (शिडीसह हजर), कोपऱ्यावरचा औषधवाला
सही : खालिदचा आजोबा