मुलाचे वडील कोण

कार्डिफ
८ मार्च १९३६

प्रिय डिलिसताईस,

ओल्वेनचा सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला आराम पडला हे वाचून बरं वाटलं. एबेनेझर सध्या घरीच आहे. बोटीच्या भट्टीत कोळसा टाकून टाकून त्याची छाती धरलीय. तू पाठवलेला केक त्यानेच संपवला.

आयव्हरचं विचारलंस. तो देशाच्या बॉक्सिंग अजिंक्यपदासाठी लढणार नाही. आई-बाप दोघंही गोरे हवेत, असा नियमच आहे. ज्याला आयव्हरने गेल्या वर्षी लोळवलं, तोच आता पट्ट्यासाठी उतरतोय.

एवढंच लिहून थांबणार होते.

मागच्या महिन्यात आयव्हरचे मॅनेजर, मिस्टर प्रॉसर, चहाला आले. म्हणाले, पोरगा उजळ आहे, केस बारीक कापले की झालं. मी लंडनच्या बॉक्सिंग मंडळासमोर जाऊन सांगायचं, की बाप कुणी स्पॅनिश खलाशी होता, आणि एबेनेझरशी लग्न नंतर झालं. एबेनेझर तिथेच बसला होता. मला वाटलं, आता तो यांना दाराबाहेर काढणार. त्याने कप खाली ठेवला.

"सांगून टाक, ओल्वेन. तो कुणाचा आहे ते मला ठाऊक आहे. माझं काय जातं?"

मी आयव्हरकडे पाहिलं. तो नाही म्हणेल म्हणून वाट पाहिली, ताई. तो बुटाची नाडी बांधत राहिला.

लंडनला जाताना गाडीत ते स्पॅनिश खलाशाचं वाक्य घोकत होते. साहेब लोक सभ्य होते, मला खुर्ची दिली. एकाने विचारलं, मुलाचे वडील कोण?

"एबेनेझर गिटन्स," मी म्हणाले. "बार्बाडोसचा. माझा नवरा."

ठरवून नाही बोलले. तोंडातून तेच आलं. बाहेर बाकावर आयव्हर नवा टाय लावून बसला होता. त्याला सांगितलं, तर म्हणाला, "एकदाच खोटं बोलायचं होतं, आई."

आता तो प्रॉसरांकडे राहतो.

एबेनेझर माझ्यावर चिडला, पोराचं नशीब बुडवलंस म्हणाला. मग परसात जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. माझा हात धरला तो सोडेचना. तो रागावलाय की सुखावलाय, मला अजून कळलेलं नाही.

नवऱ्याची लाज राखली, की पोराच्या तोंडचा घास काढला? सकाळी एक वाटतं, भांडी घासताना दुसरंच. लग्नाच्या वेळी तू म्हणाली होतीस, होणाऱ्या पोरांचा विचार कर. उत्तरात ते पुन्हा लिहू नकोस. माझं चुकलं नाही, असंही लिहू नकोस. आयव्हरला मात्र दोन ओळी लिही. माझ्या पत्रांना तो उत्तर देत नाही, मावशीला देईल. जेवतोस ना, एवढंच विचार.

तुझी धाकटी, आणि तो म्हणेल तर आयव्हरची आई,
ओल्वेन गिटन्स