हात तपासण्याचा खेळ

प्रिय छकुले,

कशी आहेस? जावईबापूंची पाठ बरी आहे ना? विहीणबाईंचा गुडघा काय म्हणतो? आणि बाळाला दात आले, की अजून नुसतीच लाळ? तुझी आई ठणठणीत आहे. मला मात्र परवापासून घास गोड लागत नाही.

परवाच्या तुझ्या सभेला मी आलो होतो. मुद्दाम सांगितलं नाही, अगदी मागे बसलो. आपल्या अणुवीज केंद्रात दुसरी अणुभट्टी नको, पवनचक्क्या उभारा, हे तू इतकं ठासून मांडलंस की त्याच केंद्रात जन्मभर पंप दुरुस्त केलेला मीसुद्धा मान डोलवत होतो. तो कचरा पिढ्यान्‌पिढ्या ठेवायचा कुठे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. वारा पडल्यावर काय, याचं तुझ्याकडे नाही. पण वाद घालावा तर असा! शेजारच्याला कोपराने ढोसून सांगितलं, लेक आहे माझी.

आणि मग तू आपला खेळ काढलास. केंद्रातून सुटताना आम्ही किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्रावर हात ठेवायचो, हिरवा दिवा लागला की फाटक उघडायचं. हे ऐकल्यापासून तू दारातच मला अडवायचीस, माझ्या तळव्यांना तळवे टेकवून ओरडायचीस, ‘हिरवा!’ तेव्हाच मी तुला उचलायचं. नियम तुझा होता गं. सभेत म्हणालीस, माझे वडील हात तपासल्याशिवाय मला जवळ घेत नसत. शेजारच्याने खुर्ची हळूच पलीकडे सरकवली.

शब्द एकही खोटा नव्हता, म्हणूनच जिव्हारी लागलं. मला हरवायला तुझ्याकडे ढीगभर मुद्दे होते. आपल्या दोघांचं तेवढंच एक होतं, तेही चव्हाट्यावर मांडलंस. काल न्हावी म्हणाला, “काका, कात्री लांबूनच चालवू का?” मीही हसलो. करतो काय?

आज विहीणबाईंचा फोन आला. रविवारी या, पण बाळाला सर्दी आहे, लांबूनच बघा. सर्दी असती तर तुझ्या आईला आधी कळलं असतं. त्यांच्यावर राग नाही, त्यांनी तुझं भाषण ऐकलंय. मला तुझ्याकडून कळायला हवं, ते सभेपुरतं होतं, की तुलाही तसंच वाटतं? सभेपुरतं असेल तर चिडेन, अबोला धरेन, मग माझा मीच फोन करेन. खरंच वाटत असेल, तरी येईन, दाराजवळ बसेन, बाळाला मागणार नाही. पण त्याने माझ्याकडे झेप घेतल्यावर तू त्याला मागे ओढलंस, तर ते मला सोसणार नाही. म्हणून रविवारच्या आत दोन ओळी तरी लिही.

तुझाच,
बाबा