येते म्हणावं

४ मार्च

नव्या घरात आलो. तिसरा मजला, तीन खोल्या, आणि माझ्या वाट्याला चक्क स्वतंत्र खिडकी. आईबाबांना इथल्या केंद्रात नोकरी लागली, म्हणून ही वसाहत. भिंतींना अजून रंगाचा वास येतो. धाकट्या बहिणीने, छोटीने, आल्याआल्या सगळे नळ सोडून पाहिले आणि बोलणी खाल्ली.

खरी गंमत दाराची. दाराशेजारी एक पांढरी पेटी आहे, जाळीचं तोंड असलेली. बाहेर पडू लागलं की ती विचारते, जाताना काय म्हणायचं असतं? छोटी म्हणाली, जाते. दार हललं नाही. आईने तिला नेहमीची टपली मारली. जाते म्हणू नये, येते म्हणावं. छोटीने येते म्हटलं आणि दार उघडलं. बाबा म्हणाले, आजीला कोंबलंय की काय आत? हसून हसून बेजार झालो. मग मी उगाचच येते, येते म्हणत दार उघडत बसले.

५ मार्च

आईबाबा कामावर गेले. नवे गणवेश, कडक इस्त्री. बाबा येतो म्हणाले. आई म्हणाली, येते गं, छोटीकडे बघ. संध्याकाळी पेटीतून आईचा आवाज आला : उशीर होईल, जेवून घ्या, मी आलेच. चांगली सोय आहे.

९ मार्च

अजून आले नाहीत. काम जास्त असेल.

खाली पावाची भट्टी आहे. ती चालवणाऱ्याला सगळे दाढी म्हणतात, कारण हनुवटीवर मोजून चार केस. माझ्याच वयाचा. धाकटी बहीण त्याच्या हाताखाली कणीक मळते. त्याला विचारलं, तुझे आईवडील कुठे? म्हणाला, कामावर. कधीपासून? त्याने हनुवटी खाजवली. म्हणाला, तेव्हा दाढी नव्हती. आणि स्वतःच हसला.

परत येताना लक्षात आलं, रस्त्यावर एकही मोठं माणूस नाही. पाण्याचा पंप चालवते ती दोन वेण्यांची. दवाखान्यात छोटीचं ढोपर बांधलं तीही माझ्याहून लहान, गाठ मारताना जीभ बाहेर काढत होती. गाठ मात्र पक्की.

१४ मार्च

छोटी तापाने फणफणलीय. पेटीला सांगितलं. आईचा आवाज म्हणाला, शहाणी ना तू? मी आलेच. मी म्हटलं, आई, ती बरळतेय. शहाणी ना तू? मी आलेच. मी म्हटलं, तू कोण आहेस? शहाणी ना तू?

नाही. मी शहाणी नाही. मला शहाणी म्हणून सगळं माझ्या गळ्यात मारायचं आणि आपण निघून जायचं, ही कुठली रीत?

१६ मार्च

ताप उतरला. छोटी उठून आधी पेटीकडे गेली. आईला सांगितलं, मी बरी झाले. रात्रंदिवस कपाळावर पट्ट्या मी ठेवल्या होत्या.

२१ मार्च

दाढीला अठरा वर्षं पूर्ण झाली. त्याच्या पेटीतून त्याच्या वडिलांचा आवाज आला : मोठा झालास, आता ये. इथे असंच बोलावतात म्हणे. तो स्वच्छ आंघोळ करून निघाला. मी म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, मोठ्यांनी बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? बहिणीला म्हणाला, येतो गं, कणीक मळून ठेव.

संध्याकाळी तिच्या पेटीतून दाढीचा आवाज : मी आलेच.

२३ मार्च

ती कणीक आंबली. दाढीची बहीण ती टाकू देत नाही. दादा आला की भाजेल म्हणते.

मी आमची पेटी भिंतीवरून उचकटली. आत काही नाही. तार नाही, खिळासुद्धा नाही. रिकामी, स्वच्छ. माझ्या मांडीवर असतानाच ती म्हणाली, मी आलेच.

ती घेऊन भट्टीवर गेले. सगळ्यांना दाखवली. ओरडले. कोणी नाही आत! पाव तुम्ही भाजता, पाणी तुम्ही सोडता, टाके तुम्ही घालता. कोणाची परवानगी हवीय तुम्हाला? कोणाची वाट बघताय?

दोन वेण्यांचीने कान झाकले. दाढीची बहीण माझ्या अंगावर धावून आली. म्हणाली, हळू बोल. दादाला ऐकू जाईल, मग तो यायचा नाही.

२४ मार्च

पेटी पुन्हा भिंतीवर. छोटीने लावली, स्टुलावर चढून.

२८ मार्च

उद्या मला अठरा. आईचा आवाज : मोठी झालीस, आता ये.

सांगितलं, येणार नाही. कुठेच जाणार नाही. तुम्ही गेलात तशी मी जाणार नाही.

छोटीला समोर बसवून सांगितलं. आई येणार नाही. बाबा येणार नाहीत. मी आहे. मी इथेच आहे. तिने माझी बोटं घट्ट धरली. बराच वेळ सोडली नाहीत. वाटलं, पटलं तिला.

२९ मार्च

गेले नाही. दुपार झाली. दार बंद. मी आत. छोटी आत.

संध्याकाळ

पेटी बोलली. आईचा नाही — माझा आवाज. येते. येते. पहिल्या दिवशीचा, हसरा. मग म्हणाली, छोटे, जेवून घे. मी आलेच.

मी हे कधीच म्हटलं नव्हतं —

छोटी स्टूल ओढून पेटीसमोर बसलीय. मी दंड धरला. हलवलं. म्हणते, थांब ना, ताई बोलतेय.

मी म्हटलं, ताई मी आहे. माझ्याकडे बघ.

बघत नाही. माझ्या आरपार दाराकडे —

पेटी फोडली. तुकड्यांतून — मी आलेच. शहाणी ना तू?

छोटी हो म्हणाली.

एकच ताट घेतलं तिने. एकच. विचारलं, माझं कुठे? दाराला सांगतेय, ताई, मी वाट बघते हं.

छोटे, मी इथे आहे. हे बघ, हात लाव — मी गेलेच नाही, छोटे, मी गे