सुई नव्वदवर होती

प्रिय ऊर्मिला,

तू ट्रेनिंगसाठी कोलोनला गेल्यापासून घर फार शांत आहे. आज सकाळी ओवीला तूप-गुळाचा पोळीचा लाडू करून दिला. तिने तो खाल्ला, जर्मनमध्ये मला काहीतरी लांबलचक सांगितलं, मी ‘जा, जा’ म्हणालो आणि ती हसत तिच्या बाबांबरोबर, हृषिकेशरावांबरोबर, शाळेला पळाली. आम्हा आजोबा-नातीचं एवढ्यावर छान चालतं. रविवारी तू येशीलच, मग बाबांनी पत्र कशाला लिहिलं असं तुला वाटेल. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा, इथे चांगली भेंडी कुठे मिळते ते विचारून फोन ठेवला. पुढच्या शुक्रवारी माझं विमान आहे, म्हणून आता लिहायलाच बसलो.

फेब्रुवारीत मी रेगेन्सबर्गला आलो, तेव्हा तू मला सगळ्यात आधी काय दाखवलंस आठवतंय? स्वयंपाकघर नाही, बाल्कनी नाही, थेट खाली अंगणातल्या शेडमध्ये नेऊन ती तीस वर्षांची डिझेल व्हॅन दाखवलीस. उन्हाळ्यात ओवीला घेऊन समुद्रापर्यंत जायचं म्हणालीस. माझा जीव हरखला. अख्खं आयुष्य मिरजेत पंप-नोझलच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस मी. मला वाटलं, ही माझ्यासाठीच थांबली आहे. एवढ्यात व्हॅनखालून ब्रांडल बाहेर आले. तळमजल्यावरचे शेजारी, चौऱ्याहत्तर वर्षांचे, बायको जाऊन चार वर्षं झालेली, तूच सांगितलंस. त्यांनी हात पुसून माझा हात हातात घेतला. तू म्हणालीस, “बाबा, हे माझे गुरू.” गमतीत म्हणालीस, मला कळलं. पण तो शब्द माझ्या छातीत जाऊन बसला.

मग दर शनिवारी तेच. तुम्ही दोघं इंजिनात डोकं घालून आणि मी उलट्या क्रेटवर कॉफीचा मग धरून. त्यांची हत्यारं एखाद्या डॉक्टरची असावीत तशी कापडावर ओळीने मांडलेली. तू त्यांचा जुना निळा डांगरीचा सूट घालायचीस, त्याच्या खिशावर शिवून ‘ब्रांडल’ लिहिलं होतं. माझ्या मुलीच्या छातीवर दुसऱ्याचं नाव बघत मी कॉफी प्यायचो. ते काही बोलले की तू ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायचीस, आणि मला मात्र, “बाबा, गारठाल, तुम्ही वर जा ना.”

तुला आठवत नसेल किंवा आठवत असूनही तू कधी बोलली नसशील. सहावीत असताना तू वर्कशॉपच्या पायरीवर उभी राहून विचारलं होतंस, “बाबा, टायमिंग कसं लावतात?” मी म्हणालो होतो, “हे काय पोरींचं काम आहे? जा, आईला मदत कर.” तू चारदा आलीस, मी चारदा परत पाठवलं. आणि मयुरेशला, माझ्या पुतण्याला, मी धरून बसवून शिकवलं. तो आज मोबाईल विकतो. तू इंजिनिअर झालीस ती माझ्यामुळे नाही, मला चुकवून झालीस. त्या पायरीवर मी जे दिलं नाही, ते ब्रांडल तुला शेडमध्ये देत होते, आणि मी जळत होतो, ऊर्मिला. दुसरा शब्द नाही.

मार्चमध्ये तुम्ही टायमिंगचा पट्टा बदललात आणि मग पंपाचं टायमिंग लावायची वेळ आली. त्या दिवशी मी क्रेटवरून उठून तुमच्या मागे उभा राहिलो. त्यांनी पंपाच्या मागचा स्क्रू काढून तिथे मोजमापाचा डायल बसवला. तुला इंजिन उलटं फिरवायला लावलं, सुई हलायची थांबली तिथे शून्य धरलं, मग हळूहळू सुलटं फिरवत पहिला पिस्टन वर येण्याच्या खुणेपर्यंत आणलं. किती शांतपणे समजावत होते तुला! भाषा कळली नाही तरी काय सांगताहेत ते मला सगळं कळत होतं. डिझेल लवकर पडलं तर इंजिन ठोकतं, उशिरा पडलं तर धूर करतं. पंप केसभर आत, केसभर बाहेर करत शेवटी सुई हवी तशी बरोबर नव्वदवर आली. मी स्वतः पाहिली. माझ्याच्याने याहून चांगलं झालं नसतं. चावी फिरवली आणि व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली. तू आनंदाने ओरडलीस आणि त्यांच्या गळ्यात पडलीस. मग मागे वळून म्हणालीस, “बघितलंत बाबा?”

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी ब्रांडल व्यायामाच्या वर्गाला गेले होते, घरात कुणी नव्हतं. शेडची किल्ली कुठे टांगलेली असते ते मला ठाऊक होतं. मी तेरा नंबरचा पाना घेतला, पंपाचे बोल्ट आणि पाइपांचे नट सैल केले, पंप जरासा बाहेरच्या अंगाला ढकलला आणि सगळं पुन्हा आवळलं. सांडलेलं डिझेल रुमालाने पुसलं. तो रुमाल धुऊन हीटरवर वाळत घातला. हात जराही थरथरले नाहीत, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी ट्यूफची, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याआधी तपासून घ्यायची, वेळ ठरलेली. पुढचं तू पाहिलंच आहेस. स्टार्टर फिरून फिरून दमला, एकदाची सुरू झाली तर अंगणभर पांढरा धूर, वरून कुणीतरी खिडकी आपटून लावली. ब्रांडलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले आणि तू मला सांगितलंस, “म्हणताहेत, शून्यच चुकीचं धरलं असणार, त्या दिवशी नशिबाने सुरू झाली. डोळे दगा देतात म्हणे आता.” आणि मग तू ते विचारलंस, ज्यासाठी मी हे सगळं केलं होतं. “बाबा, तुम्ही बघता?”

पाऊण तासात मी गाडी होती तशी करून दिली. तू सगळ्यांना फोन करून सांगितलंस, बाबांनी हात लावला आणि सुरू झाली. दोन दिवस मी ताठ मानेने जिने चढलो-उतरलो. तिसऱ्या दिवशी ब्रांडल दाराशी आले. त्यांनी डायलची लाकडी पेटी माझ्या हातात ठेवली, माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि तू मला मराठीत सांगितलंस की हा आता योग्य हातात असू दे, असं ते म्हणताहेत. त्यानंतर ते शेडमध्ये आलेले नाहीत. हत्यारं खोक्यात भरून ठेवली आहेत. काल पाहिलं, त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या काचेवर ‘विकणे आहे’ची पाटी लागली आहे, हृषिकेशराव म्हणाले, ‘नजरेचा भरवसा नाही, कुणाला धडक दिली तर’ असं ब्रांडल सांगत होते. आणि परवा फोनवर तू म्हणालीस, “वय झालं हो त्यांचं, बाबा.” मी ‘हो ना’ म्हणालो.

त्यांची नजर ठीक आहे. हात तर माझ्यापेक्षा स्थिर आहेत. पेटी मी परत करणार आहे. पण नुसती पेटी परत केली तर त्यांना ती दया वाटेल, आणि कारण सांगायला माझ्याकडे त्यांची भाषा नाही. तुला तोंडी सांगितलं असतं तर मी मध्येच घाबरून अर्धं गाळलं असतं, म्हणून एकेक गोष्ट लिहून काढली. हे पत्र माझ्यासमोर, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, तू त्यांना जर्मनमध्ये वाचून दाखवायचं आहेस. आधी एकटीने वाच, माझ्यावर काय रागवायचं ते रागावून घे. पण त्यांना वाचून दाखवताना बाप म्हणून मला सांभाळू नकोस, कुठलंही वाक्य मऊ करू नकोस. मत्सराला जर्मनमध्ये काय म्हणतात मला माहीत नाही. तुला माहीत असेल. तोच शब्द वापर.

तुझाच,
बाबा